पांढरकवड्याचं तंत्रविद्यापीठ

गेल्या वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, डॉ. वामनराव उमाळकरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त एक पुस्तिका निघाली. नाव 'केळापूर तंत्रविद्यापीठ : एका स्वप्नाचा इतिहास'. चाळीस गुळगुळीत पानं, त्यात उमाळकरांचे अकरा फोटो. नासिर मिस्त्रीचं नाव एकदाही नाही. माझं आहे, शेवटी आभारात, 'टंकलेखिका कु. विमल' असं. मी तिथं तीन वर्षांहून जास्त नोकरी केली. त्या काळात संस्थेतून निघालेला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या टाइपरायटरवरून गेला. तेव्हा तिथं काय झालं ते मला पुस्तिकेपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यात माझी स्वतःची जी लाज आहे, तीही.

सुरुवात झाली १९५७ साली. केळापूर तालुक्याच्या मुख्य गावी, पांढरकवड्यात, गावातले धनिक रावसाहेब यांची जिनिंग होती. त्यातलं एक मोठं गोदाम रिकामं पडलं होतं आणि रावसाहेबांना कापसापलीकडेही आपलं नाव राहावं असं वाटू लागलं होतं. त्याच सुमारास नागपूरहून उमाळकर आले. विलायतेत दीड वर्ष राहिलेले, डॉक्टर. कशातले डॉक्टर, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अर्जांवर मी 'तंत्रशास्त्र' असं टाइप करत असे आणि ते खाडाखोड न करता सही करत. त्यांनी रावसाहेबांना सांगितलं, तंत्रशाळा काय कुणीही काढतं, आपण विद्यापीठ काढू. हा शब्द असा कुणीही उठून पाटीवर लिहू नये, असा कायदा दिल्लीत नुकताच झाला होता. उमाळकर म्हणाले, आपण आधी लिहू, मान्यता मागून येईल. यवतमाळचा पेंटर आला आणि गोदामाच्या कपाळावर हातभर उंचीची अक्षरं रंगवून गेला. पाटी आधी लागली. विद्यार्थी नंतर आले, बावीस.

बावीस पोरांवर एक कुलगुरू, एक कुलसचिव आणि चार विभागप्रमुख. विद्यापीठाला संस्कृत गीत होतं. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, लाल काठाचे काळे झगे घालून पोरं ते म्हणत आणि दरवर्षी दोघं-तिघं भोवळ येऊन पडत. उमाळकरांनी एक परिभाषा समिती नेमली होती. तिनं वर्षभर बसून लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राला, 'आवर्तकर्तक' असा शब्द काढला. पोरं परीक्षेत आवर्तकर्तकाची चौदा अंगं लिहून पूर्ण मार्क घेत. लेथ मात्र त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, कारण तो अजून आला नव्हता.

नासिर मिस्त्री त्या गोदामाबरोबरच संस्थेकडे आला, तिथल्या तुळयांसारखा. पंधरा वर्षं तो रावसाहेबांच्या जिनिंगचं ऑईल इंजिन सांभाळत होता. इंजिन बिघडलं की पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग नेमका नट खोलायचा. शिक्षण उर्दू चौथी. त्यामुळे त्याचं पद 'यंत्रशाळा-मदतनीस' असं ठरलं. विभागप्रमुख बसलेले असताना त्यानं बसायचं नाही, असं मीच एका परिपत्रकात टाइप केलं होतं.

१९५९ च्या जानेवारीत लेथ आला. पंजाबातून वणीच्या स्टेशनवर उतरला, तिथून ट्रकनं तीन खोक्यांत. नासिरनं आठ दिवस राबून पाया घातला, यंत्र उभं केलं, पट्टा चढवला, इंजिन जोडलं. मुंबईहून एक मंत्री आले, नारळ फुटला, हार पडला, टाळ्या झाल्या. मंत्र्यांची मोटर वळणाआड गेल्याबरोबर उमाळकरांनी यंत्रशाळेला कुलूप लावलं. मान्यता देणारी समिती येईल तेव्हा यंत्र नवं कोरं दिसलं पाहिजे, हे त्यांचं कारण. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात राहू लागली. यंत्रविभागाचे प्रमुख फळ्यावर रंगीत खडूनं लेथ काढून शिकवत. चित्र चांगलं काढत.

नासिर रोज सकाळी यायचा आणि बंद दाराजवळ उभा राहायचा.

"ताई, तेल तरी देऊ द्या त्याले," तो मला म्हणायचा. "गंज चढून राह्यला असंल."

मी म्हणायची, "साहेबांना विचारा, नासिरभाई."

तो विचारायचा नाही. काय उत्तर मिळेल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

असं सव्वा वर्ष गेलं. १९६० च्या एप्रिलमध्ये एक दिवस बिजलीबाई आली. केळापूरच्या पलीकडे लमाणांचा एक तांडा आहे, तिथली ही बाई. तिचा मुलगा धावजी आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला होता. सात मैल चालून आली होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरसे जडवलेली कांचोळी, म्हणजे लमाणी चोळी, आणि पदरात बांधलेलं जड काहीतरी. कुलगुरूंच्या टेबलावर तिनं पदर सोडला. हातभर लांबीच्या लोखंडी दांड्याचे दोन तुकडे खणखणत पडले.

"हे तुटलं," ती म्हणाली. "पंपातलं. विहिरीवर सरकारनं पंप बसवला अन् मोट मोडून टाकली. आता पाणी खाली हाय अन् आमी वर. माहा पोरगा म्हणते, आमच्या शाळेत यंत्राचे मोठे मोठे डाक्टर हायेत. मंग द्या करून."

उमाळकरांनी तुकड्यांना हात लावला नाही. टेबलावरचे कागद मात्र बाजूला सरकवले. "बाई, ही शाळा नाही, विद्यापीठ आहे. आम्ही याचा अभ्यास करू."

"अभ्यास कायले? थे तर तुटलंच हाय."

"कशामुळे तुटलं, याचा."

"जुनं होतं म्हणून तुटलं," बिजलीबाई म्हणाली. "नवं कधी देता ते सांगा."

धावजी दारात उभा होता. मान खाली. "याडी, चाल," असं तो आईला हळूच म्हणत होता. ती उठली, पण जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "बाई, सत्तर घरं हायेत. बाया दोरावरून खाली उतरून वाट्यानं पाणी भरतेत. काल सुखीबाई पडली, कंबर मोडली तिची. सांगा तुमच्या डाक्टरले."

मी सांगितलं. उमाळकर म्हणाले, "लिहून ठेवा."

अभ्यास सुरू झाला. यंत्रविभागाच्या प्रमुखांनी दोन्ही तुकडे मोजले आणि एका मोठ्या शीटवर त्यांचं तीन बाजूंनी चित्र काढलं. ते इतकं सुबक झालं की कुलगुरूंच्या खोलीत लावलं गेलं. चौथ्या दिवशी मी 'भग्न दंडाचे प्राथमिक परीक्षण' असं सहा पानी टिपण टाइप केलं. निष्कर्ष असा, की दंड भग्न झाला असून पुढील परीक्षणासाठी तो मुंबईला पाठवावा. सहाव्या दिवशी उमाळकर बैठकीसाठी नागपूरला गेले.

सातवा दिवस रविवार होता. टपाल काढायला मी दुपारी ऑफिसात आले होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. नासिर आला, त्याच्या मागं धावजी आणि आणखी दोन पोरं. नासिरच्या खांद्यावर लोखंडाचा एक लांब तुकडा होता.

"ट्रकच्या चाकाचा जुना आक्स हाय," तो म्हणाला. "भट्टीत लाल करून राखेत थंडा केला. नरम आला. ताई, किल्ली द्या. तीन घंट्याचं काम हाय."

"साहेब..."

"साहेब नागपूरले हायेत. अन् पाणी विहिरीत."

मी खण उघडला आणि किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. तेवढीच पळवाट मी माझ्यासाठी राखली होती. हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं.

यंत्रशाळेत धूळ होती. लेथवर मंत्र्यांच्या वेळचा हार वाळून काड्या झाला होता. नासिरनं तो उचलून बाजूला ठेवला, यंत्र पुसलं, जागोजाग तेल दिलं. मग इंजिन सुरू केलं. पट्टा फडफडला, ताणला गेला, आणि लेथ फिरू लागला. आमच्या विद्यापीठात पहिल्यांदाच एक यंत्र कामासाठी चाललं होतं, आणि ते चोरून.

धावजी भिंतीला चिकटून उभा होता.

"इकडं ये," नासिर ओरडला. "हँडल धर. अरे धर ना, चावत नाई थे. हळू. आवाज आयक. किरकिर करून राह्यलं तर घास मोठा घेतला समज. मागं घे. हां. आता आयक."

लोखंडाची निळसर साल वळ्या वळ्यांनी निघत होती आणि खालच्या तबकात पडत होती. तिघा पोरांनी आळीपाळीनं हँडल धरलं. मध्येच धावजी हसला. आवर्तकर्तकाची चौदा अंगं लिहिताना तो कधी हसलेला मी पाहिला नव्हता. दांडा तयार झाल्यावर, तो पंपात घट्ट बसावा म्हणून लागणारी चावीची खाच मारायला यंत्र नव्हतं. ती नासिरनं छिन्नीनं आणि कानशीनं हातानंच काढली. चार वाजता त्यांनी कुलूप लावून किल्ली मला परत दिली आणि भाड्याच्या सायकलींवरून ते तांड्याकडे गेले. अंधार पडायच्या आत पंप सुरू झाला.

सोमवारी उमाळकर परतले. त्याच सकाळी तांडा आमच्या दारात आला. डफ, नगारा, नाचणाऱ्या बाया, टोपलीत गूळ आणि खोबरं. तांड्याचा नाईक हरिसिंग पुढं होता. त्यानं उमाळकरांच्या गळ्यात हार घातला. काय झालंय ते उमाळकरांना ठाऊक नव्हतं, पण हार घालून घ्यायला त्यांना कारण लागत नसे. दोन मिनिटांत कुणाच्या तरी बोलण्यावरून त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्यावरचं हसू तसूभर हललं नाही. त्यांनी ग्रामसेवेवर छोटं भाषण केलं, गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि यवतमाळहून फोटोग्राफर बोलवायला सांगितलं. गुरुवारी तो आला. सगळे तांड्यावर गेलो. उमाळकर सुटाबुटात पंपाशेजारी उभे राहिले, एक हात पंपावर. बिजलीबाईला ओढून बाजूला उभं केलं.

"यानं काय केलं?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं. "करनारा तर आलाच नाई."

फोटोग्राफर म्हणाला, "आजी, बोलू नका. तोंड हलतं."

करणारा येणार कसा? मंगळवारीच त्याला काढून टाकलं होतं. मी तिथंच बसले होते, मांडीवर वही घेऊन, कारण पत्र मलाच उतरवून घ्यायचं होतं.

"विद्यापीठाच्या मालमत्तेचा विनापरवाना वापर," उमाळकर सांगत होते. मग थांबून त्यांनी नासिरला विचारलं, "किल्ली कुणी दिली तुला?"

नासिरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाई साहेब. कुलूप ढिलं होतं. मी खोललं."

मी पेन्सिल धरून बसले. नजर वहीवरच ठेवली. वडील पोस्टातून रिटायर झालेले, घरात मी एकटी कमावती. कारणं हवी तेवढी होती. उमाळकर पुढं सांगू लागले आणि मी लिहू लागले. 'कुलूप फोडून' असं त्यांनी सांगितलं, तसंच मी टाइप केलं. चूक एकही नव्हती.

नासिरनं बसस्टँडमागं पत्र्याचं एक दुकान टाकलं. पंप, इंजिनं, सायकली, जे येईल ते. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

नोव्हेंबरात समिती आली. तिघं जण. दोघे प्राध्यापक होते, त्यांना भाषणं आणि जेवण पसंत पडलं. तिसरे टेंभे साहेब, रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेले म्हातारे इंजिनियर. ते फारसं बोलत नव्हते. उमाळकरांनी अहवाल पुढं ठेवला, तोही माझ्याच हातचा. पान नऊवर पंपाचा फोटो, खाली मजकूर : 'यंत्रविभागाने संशोधनपूर्वक निर्मिलेला दंड'. मग सगळे यंत्रशाळेत आले. लेथला नवा हार होता.

"बावीस महिने झाले," उमाळकर म्हणाले, "पण पाहा, नव्यासारखा ठेवलाय आम्ही."

टेंभे साहेब गुडघ्यावर बसले. तबकात हात घालून त्यांनी लोखंडाची एक वळी उचलली. ती गंजून तांबूस झाली होती. समिती येणार म्हणून यंत्र वरवर पुसलं होतं. तबकात वाकून पाहायची कुणालाच गरज वाटली नव्हती.

"हा कीस कुणाचा?"

"विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांचा," उमाळकर म्हणाले.

"छान. मग एखाद्याला बोलवा. सुरू करून दाखवू दे."

शेवटच्या वर्षाची पोरं झगे घालून ओळीत उभी होती. पहिल्याला पुढं केलं. त्यानं यंत्राकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात अंगं सांगायला सुरुवात केली. टेंभे साहेबांनी त्याला सातव्या अंगावर थांबवलं. दुसरा आला, त्याला पट्टा कुठून चढतो तेच कळेना. मग यंत्रविभागाचे प्रमुख पुढं झाले, त्यांनी एक दांडी ओढली, ती त्यांच्या हातातच आली. तेवढ्यात धावजी ओळीतून बाहेर आला. त्यानं झगा काढून खिडकीत टाकला, इंजिन सुरू केलं आणि पट्टा चढवला. लेथ फिरला.

"तुला कुणी शिकवलं?" टेंभे साहेबांनी विचारलं.

"नासिर मिस्त्रीनं. एका दुपारी."

"ते कुठं आहेत?"

उमाळकर चटकन म्हणाले, "एक मदतनीस होता. चोरीच्या प्रकरणात काढावं लागलं. कुलूप फोडलं त्यानं."

मी मागं उभी होते, हातात चहाची यादी. माझ्याच तोंडून आवाज निघाला, तो मला परका वाटला.

"कुलूप फोडलं नाही. किल्ली मी दिली होती. पान नऊवरचा दांडा त्यांनी केला, आणि तो केला म्हणूनच त्यांना काढलं. पत्र मी टाइप केलंय, नक्कल फाइलमध्ये आहे."

टेंभे साहेबांनी लोखंडाची वळी खिशात टाकली आणि म्हणाले, "फाइल आणा, बाई."

त्याच संध्याकाळी उमाळकरांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. टाइप मीच केला. टाइप येणारं दुसरं कुणी नव्हतं. जानेवारीत समितीचं पत्र आलं. विद्यापीठ हा शब्द पाटीवरून काढावा. साधी तंत्रशाळा चालवायची असेल तर आधी हातानं काम येणारा निदेशक नेमावा. पेंटर पुन्हा आला. उमाळकरांचं काही बिघडलं नाही. दीड वर्षात ते मुंबईला, याहून मोठ्या संस्थेवर सल्लागार म्हणून गेले, हार घालून. संस्था १९६४ साली बंद पडली आणि गोदामात पुन्हा कापूस भरला. पुस्तिकेत याला 'दुसऱ्या पर्वाची अखेर' म्हटलंय.

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नासिरच्या घरी गेले. पूर्वी तिथं माझं जाणं-येणं होतं, ते एप्रिलपासून तुटलं होतं. दार त्याच्या बायकोनं, सुग्राबीनं उघडलं. धावजीकडून तिला सगळं आदल्या दिवशीच कळलं होतं.

"सात महिने लागले तुमाले," ती म्हणाली. "त्या दिवशी तिथंच बसल्या होत्या ना तुमी?"

"हो."

"पेन्सिल घेऊन."

"हो."

नासिर आतून म्हणाला, "जाऊ दे. आत घे त्यायले."

"घेते. चहा बी देते," सुग्राबी म्हणाली. "पण मी इसरली असं समजू नका."

दोन महिन्यांनी रावसाहेबांचा माणूस नासिरकडे आला. समितीला दाखवायला निदेशक हवा होता, नासिरनं परत यावं. नासिरनं मला बोलावून घेतलं आणि उत्तर लिहायला सांगितलं. तो सांगत होता, मी लिहीत होते. यंत्रशाळा रोज उघडी राहील, आणि आसपासच्या गावांचं मोडकं सामान तिथं दुरुस्तीला येईल, तर मी येतो. कुलूप लावायचं असेल तर दुसरा माणूस पाहा. त्याची शुद्ध मराठी करू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काहून? समजत नाई का हे?" तसंच ठेवलं.

रावसाहेबांकडून उत्तर आलं नाही. मार्चमध्ये धावजीनं संस्था सोडली आणि तो पत्र्याच्या दुकानात येऊन बसू लागला. पावसाळ्यापर्यंत आणखी नऊ जण आले. त्यांतले चौघं आज जिल्हा परिषदेचे पंप दुरुस्त करत फिरतात. मुकुटबनपासून बाभुळगावपर्यंत त्यांना लोक नावानं ओळखतात. मी बाभुळगावच्या मुलींच्या शाळेत लागले. पांढरकवड्याला गेले की सुग्राबीकडे जाते. ती जेवायला वाढते, बोलते, पोरांच्या गोष्टी सांगते. पूर्वी ती मला बेटी म्हणायची. आता बाई म्हणते.